पायांवरचे ठिपके आणि पोटातली कळ

पाच-सहा वर्षांचे मूल अचानक पोट धरून कळवळू लागते. उलट्या होतात, शौचावाटे रक्त पडते. डॉक्टर पोट चाचपतात आणि आंत्रपुच्छाला सूज आली असेल किंवा आतड्यात आतडे शिरले असेल, अशी शंका येते. सव्वाशे वर्षांपूर्वी आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती. अशा पोटदुखीत वेळ दवडला तर मूल हाती लागत नाही, हे शल्यविशारदांना तेव्हा नुकतेच पटू लागले होते. त्यामुळे पोट उघडण्याकडे कल वाढत होता. पण काही वेळा पोट उघडल्यावर आंत्रपुच्छ निर्दोष निघे. आतड्याचा एखादा पट्टा मात्र सुजलेला आणि रक्ताळलेला दिसे. मग काही दिवसांनी त्याच मुलाच्या पायांवर आणि कुल्ल्यांवर जांभळट-लाल ठिपके उमटत, घोटे सुजत आणि आजाराचे खरे स्वरूप उघड होई. तोवर पोटावर टाके पडलेले असत.

हा आजार म्हणजे लहान मुलांमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचा दाह. त्याचे जुने नाव हेनोख-शोनलाइन परप्युरा, तर नवे नाव आयजीए व्हॅस्क्युलायटिस. लहान मुलांमध्ये रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारांत तो सर्वाधिक आढळतो. ठिपके, सांधेदुखी, पोटदुखी आणि मूत्रपिंडाचा त्रास ही त्याची चार लक्षणे ठरलेल्या क्रमाने आली तर निदान सोपे असते. ती उलट्या क्रमाने आली किंवा एखादे आलेच नाही, तर अनुभवी डॉक्टरही चकतो. अशा आडवळणाने येणाऱ्या रुग्णांची चिकाटीने नोंद ठेवून वैद्यकविश्वाला सावध करणाऱ्यांमध्ये सर विल्यम ऑस्लर यांचे नाव ठळक आहे. आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचे एक शिल्पकार म्हणून ते जगाला माहीत आहेत. त्यांचे हे काम त्या मानाने मागे पडले.

विल्यम ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या खेड्यात झाला. आजच्या ऑन्टारियो प्रांतातला हा भाग तेव्हा जंगल तोडून वसवला जात होता. वडील फेदरस्टोन ऑस्लर पूर्वी ब्रिटिश नौदलात होते. पुढे धर्मोपदेशक होऊन ते पत्नी एलन यांच्यासह इंग्लंडहून कॅनडात आले. मोठ्या कुटुंबातला विल्यम हा सर्वांत धाकटा मुलगा. खोडकरपणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानेही वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हावे, असे घरात ठरलेले होते.

शाळेत भेटलेल्या एका शिक्षकाने ही दिशा बदलली. डब्ल्यू. ए. जॉन्सन हे स्वतः धर्मोपदेशक होते, पण त्यांना सूक्ष्मदर्शकाचे विलक्षण वेड होते. डबक्यातले पाणी, शेवाळ, दगडाचे पातळ काप असे हाती लागेल ते काचेखाली धरून ते मुलांना दाखवत. त्यांचे स्नेही डॉ. जेम्स बोव्हेल यांच्याकडे ऑस्लरना वैद्यकशास्त्राची गोडी लागली. १८६७ मध्ये टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात धर्मशास्त्रासाठी दाखल झालेला हा विद्यार्थी वर्षभरात वैद्यकीय शाळेत जाऊन बसला. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८७२ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणासाठी युरोपला गेले.

लंडनमध्ये जॉन बर्डन-सँडर्सन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना ऑस्लरना रक्तात काही अगदी बारीक, रंगहीन कण दिसले. रक्त शरीराबाहेर काढले की हे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होत. जिवंत रक्तवाहिनीत मात्र ते सुटे वाहत. हे निरीक्षण १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपण ज्यांना प्लेटलेट म्हणतो, तेच हे कण. रक्त गोठण्यातली त्यांची भूमिका पुढे इटलीच्या जुलिओ बिझ्झोझेरो यांनी उलगडली, पण सुरुवातीच्या निरीक्षकांमध्ये ऑस्लर होते. आपण ज्या आजाराबद्दल वाचत आहोत, त्याच्या निदानात या कणांना मोठे महत्त्व आहे. प्लेटलेट घटल्या की कातडीखाली रक्त साचून ठिपके येतात, हे डेंग्यूमुळे आता घरोघरी माहीत झाले आहे. या आजारात मात्र प्लेटलेट पुरेशा असतात, तरीही ठिपके येतात. दोष रक्तात नसून रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो. भिंत सुजते आणि रक्त बाहेर झिरपते.

१८७४ मध्ये ऑस्लर मॅकगिलला परतले, ते अध्यापक म्हणून. तेव्हा त्यांचे वय होते २५. माँट्रियल जनरल हॉस्पिटलच्या देवीच्या रुग्णांच्या कक्षात काम करून मिळालेल्या पैशांतून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेतले. तिथल्या शवागारात त्यांनी शेकडो शवविच्छेदने स्वतःच्या हाताने केली. रुग्ण जिवंत असताना केलेले निदान आणि मृत्यूनंतर शरीरात दिसलेले वास्तव ते शेजारी-शेजारी ठेवून तपासत. आपले कुठे चुकले, हे पाहण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर राहिली.

१८८४ मध्ये फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना बोलावले. जावे की माँट्रियलमध्येच राहावे, हे ठरेना, तेव्हा त्यांनी नाणे उडवून निर्णय घेतला, असे ते पुढे गमतीने सांगत. फिलाडेल्फियात त्यांचे लक्ष लहान मुलांच्या आजारांकडे बरेच वळले. मुलांच्या मेंदूशी संबंधित अपंगत्वावरचे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये आले. त्याआधी, १८८८ मध्ये, त्यांनी एका विलक्षण कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली होती. या कुटुंबात पाच पिढ्या अधूनमधून चेहरा, हात किंवा पाय अचानक सुजण्याचा त्रास चालत आला होता आणि त्यासोबत पोटात जीवघेणी कळ येई. हा आजार वेगळा, आनुवंशिक. पण त्यातून एक धागा ऑस्लरांच्या हाती लागला. कातडीवर जे दिसते, तेच आत आतड्याच्या आवरणातही घडत असू शकते.

१८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झाले आणि ऑस्लर तिथले मुख्य वैद्य झाले. १८९३ मध्ये तिथले वैद्यकीय महाविद्यालय उघडले. ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून रुग्णाच्या खाटेशेजारी उभे केले. हकिगत विचारायची, पाहायचे, हात लावून तपासायचे, लिहून ठेवायचे, हा परिपाठ त्यांनी घालून दिला. पदवीनंतर रुग्णालयातच राहून शिकण्याची पद्धतही तिथेच रुजली. आज भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सकाळी डॉक्टरांचा ताफा वॉर्डातून फिरतो, त्यामागे या पद्धतीचा मोठा वाटा आहे. १८९२ मध्ये त्यांचे वैद्यकशास्त्राचे पाठ्यपुस्तक आले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

त्याच वर्षी त्यांनी ग्रेस रेव्हिअर ग्रॉस यांच्याशी विवाह केला. पहिला मुलगा १८९३ मध्ये जन्मला आणि आठवडाभरातच गेला. डिसेंबर १८९५ मध्ये दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव एडवर्ड रेव्हिअर. घरात सगळे त्याला रेव्हिअरच म्हणत.

याच डिसेंबर महिन्यात एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ऑस्लर यांचा एक लेख छापून आला. विषय होता, त्वचेवर पुरळ आणणाऱ्या काही आजारांत शरीराच्या आत होणारी गुंतागुंत. त्यात ११ रुग्णांच्या हकिगती होत्या.

या आजाराची ओळख वैद्यकशास्त्राला तुकड्यातुकड्यांनी झाली होती. इंग्लंडचे विल्यम हेबर्डन यांच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात पाच वर्षांच्या एका मुलाचे वर्णन आहे. पायांवर ठिपके, सांध्यांत वेदना, पोटात कळा, शौचात रक्त आणि लघवीतही रक्त, म्हणजे आजाराचे सगळे चित्र त्या एका मुलात होते. पण त्याला नाव मिळाले नाही आणि ते विसरले गेले. जर्मनीचे योहान लुकास शोनलाइन यांनी १८३७ मध्ये ठिपके आणि सांधेदुखीची जोडी सांगितली. बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड हेनोख हे त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी १८७४ मध्ये पोटातल्या कळा व रक्तस्राव त्यात जोडले आणि मूत्रपिंडालाही धोका असल्याचे पुढे दाखवले.

हे सगळे वर्णन कातडीपासून सुरू होत होते. ठिपके दिसले की आतल्या लक्षणांचा शोध घ्यायचा, असा क्रम. ऑस्लर यांनी प्रश्न उलटा विचारला. ठिपके अजून आलेच नसतील तर काय? १८९५ नंतर १९०० आणि १९०४ मध्ये त्यांनी आणखी दोन लेख लिहिले आणि रुग्णांची संख्या २९ वर गेली. या हकिगतींतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. पोटशूळ, उलट्या, रक्तस्राव, सांध्यांची सूज, मूत्रपिंडाचा दाह ही आतली लक्षणे कातडीवर काही दिसण्याच्या आधी येऊ शकतात. एकाच रुग्णाला एका वेळी जांभळे ठिपके, दुसऱ्या वेळी गांधी, तिसऱ्या वेळी नुसती सूज येऊ शकते. एखाद्या झटक्यात कातडी पूर्ण स्वच्छ राहून फक्त पोटात कळ येऊ शकते. असे झटके वर्षानुवर्षे येत राहू शकतात.

अशा रुग्णाला केवळ त्या दिवशीचे पोट पाहून समजून घेता येत नाही. म्हणून ऑस्लर यांचा सल्ला साधा होता. पोटशूळाचे मूल, विशेषतः ज्याचे निदान नीट जुळत नाही असे मूल, शस्त्रक्रियेसाठी सोपवण्याआधी त्याची कातडी नखशिखांत पाहावी. यापूर्वी कधी अशी कळ आली होती का, अंगावर काही उठले होते का, सांधे सुजले होते का, हे आईवडिलांना खोदून विचारावे. लघवी तपासावी. या तीन गोष्टींना यंत्र लागत नव्हते. लागत होता तो वेळ.

हा सल्ला शस्त्रक्रियेच्या विरोधात नव्हता. आतड्याच्या भिंतीत रक्त साचून तो भाग जड झाला की तो पुढच्या आतड्यात शिरू शकतो. तसे झाले तर शस्त्रक्रियेवाचून मूल दगावू शकते. म्हणजे एकाच आजारात एका मुलाला चाकूपासून वाचवायचे आणि दुसऱ्याला वेळेत चाकूपर्यंत पोहोचवायचे, अशी ही कसरत होती आणि काही प्रमाणात आजही आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत ऑस्लर यांचे बोल अधिक गंभीर होते. कळा थांबतात, ठिपके विरतात, पण मूत्रपिंडाचा दाह मागे राहिला तर तो जिवावर बेतू शकतो, हे त्यांनी आपल्या रुग्णांत पाहिले होते.

ऑस्लर यांचे सगळेच बरोबर होते, असे नाही. त्यांनी एका छत्राखाली गोळा केलेल्या रुग्णांपैकी काहींना आजच्या ज्ञानानुसार ल्युपससारखे वेगळे आजार असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. तेव्हा रक्ताच्या तपासण्या तुटपुंज्या होत्या आणि फरक करायला साधन नव्हते. तरीही त्यांचा मूळ मुद्दा टिकला. या आजाराचे कारणही त्यांनी योग्य दिशेला शोधले. घटसर्पासाठी घोड्याच्या रक्तातील सीरम टोचल्यावर काही मुलांना पुरळ, सांधेदुखी आणि ताप येई. शरीराची प्रतिक्रियाच शरीरावर उलटते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकार घेत होती. १९१४ मध्ये याच विषयावर पुन्हा लिहिताना ऑस्लर यांनी या आजाराची सांगड त्या कल्पनेशी घातली.

पुढे अर्ध्या शतकाने त्याचा पुरावा मिळाला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच डॉक्टर झाँ बर्जे यांनी मूत्रपिंडाच्या नमुन्यांत आयजीए नावाची प्रतिपिंडे साचलेली दाखवली. ही प्रतिपिंडे एरवी नाक, घसा आणि आतड्याच्या अस्तराचे रक्षण करतात. घशाच्या किंवा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर काही मुलांमध्ये ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे दाह होतो. हा आजार अनेकदा सर्दी-खोकल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येतो, तो यामुळे. २०१२ मध्ये आजाराचे नावही या प्रतिपिंडावरून ठेवले गेले.

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्ड विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे रीजियस प्राध्यापक म्हणून गेले. अमेरिका सोडताना केलेल्या भाषणात साठीनंतरच्या माणसांच्या उपयुक्ततेबद्दल त्यांनी केलेला विनोद अंगाशी आला आणि वर्तमानपत्रांनी त्यांना बरेच झोडपले. ऑक्सफर्डच्या घरी मात्र विद्यार्थी, पाहुणे आणि मुले यांचा राबता असे. मुलांशी बोलताना ते जमिनीवर बसत आणि त्यांच्या खेळात मिसळून जात. डांग्या खोकल्याने खंगलेला एक मुलगा काहीच खात नव्हता. ऑस्लर पदवीदान समारंभाच्या झगमगीत झग्यात थेट त्याच्याकडे पोहोचले. मुलाला वाटले, हा कोणी जादूगारच. त्यांनी एक पीच सोलून, साखर लावून, फोड फोड करून त्याला भरवला. मुलगा खातो आहे, हे पाहून पुढे ते रोज त्या घरी जात आणि दाराशी तो झगा अंगावर चढवूनच आत शिरत. मुलगा बरा होईपर्यंत हा क्रम चालला. १९११ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

मग पहिले महायुद्ध आले. रेव्हिअर तेव्हा विशीत होता. पुस्तकांत आणि मासेमारीत रमणारा हा मुलगा ब्रिटिश तोफखान्यात दाखल झाला. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर तोफगोळा फुटून तो जबर जखमी झाला. ऑस्लर यांचे स्नेही, प्रसिद्ध मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग, जवळच्याच लष्करी रुग्णालयात होते. निरोप मिळताच ते पोहोचले. अमेरिकी शल्यविशारदांनी रात्री शस्त्रक्रिया केली. ३० ऑगस्टच्या सकाळी रेव्हिअर गेला. ऑस्लर दिवसा काम करत राहिले, पाहुण्यांशी हसून बोलत राहिले. ते पूर्वीचे ऑस्लर मात्र राहिले नाहीत, हे जवळच्यांना कळत होते. दोन वर्षांनी फुप्फुसाच्या संसर्गाने त्यांना गाठले आणि २९ डिसेंबर १९१९ रोजी वयाच्या ७०व्या वर्षी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा सुमारे आठ हजार दुर्मीळ ग्रंथांचा संग्रह मॅकगिल विद्यापीठाला गेला. त्यांच्या अस्थीही त्या ग्रंथांच्या सहवासात आहेत.

त्यांनी लावलेली सवय मात्र आजही उपयोगी पडते. हा आजार बहुतेक करून तीन ते दहा वर्षांच्या मुलांना होतो. बहुतांश मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. पण काही मुलांमध्ये पोटदुखी ठिपक्यांच्या आधी, कधी आठवडाभर आधी येते. काहींमध्ये आधी घोटा किंवा गुडघा सुजतो आणि पडल्यामुळे मुरगळला असेल असे समजून दुर्लक्ष होते. काही मुलग्यांमध्ये अंडकोश सुजून दुखतो. तिथे अंडकोशाला पीळ पडल्याची शंका येते आणि ती तातडीने सोनोग्राफी करून दूर करावी लागते. आतड्यात आतडे शिरण्याची शंकाही आता सोनोग्राफीने पडताळता येते.

पालकांनी काय करावे? मुलाच्या पोटात वारंवार कळ येत असेल तर कपडे काढून घोटे, पोटऱ्या, मांड्या आणि कुल्ले उजेडात नीट पाहावेत. पुरळ हे पायांवर आणि कुल्ल्यांवर अधिक येते. पारदर्शक काचेचा पेला ठिपक्यावर दाबून पाहावा. साधे लाल पुरळ दाबल्यावर फिकट होते, कातडीखाली साचलेले रक्त तसेच दिसत राहते. असे ठिपके दिसले तर त्यांचे मोबाइलवर छायाचित्र काढावे, कारण ते येतात आणि जातात. डॉक्टरांना आठवून सांगावे की गेल्या महिन्यात सर्दी-खोकला झाला होता का, सांधे दुखले होते का. दाबून न जाणाऱ्या ठिपक्यांसोबत जोराचा ताप असेल आणि मूल मलूल होत असेल, तर ते वेगळ्या आणि अधिक घातक संसर्गाचे लक्षण असू शकते. तेव्हा घरी थांबू नये. शौचात रक्त किंवा हिरवी उलटी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ठिपके गेले म्हणून फाइल कपाटात टाकू नये. मूत्रपिंडाचा त्रास बहुधा पहिल्या चार ते सहा आठवड्यांत डोके वर काढतो, पण तो कळत नाही, कारण काही दुखत नाही. म्हणून मूल खेळू-बागडू लागले तरी साधारण सहा महिने डॉक्टर सांगतील तेव्हा लघवीची तपासणी आणि रक्तदाब पाहणे चुकवू नये. काही मुलांमध्ये आजार पुन्हा उलटतो आणि तो आधीसारखाच दिसेल, असे नाही. ऑस्लर यांनी २९ रुग्णांच्या हकिगती नोंदवल्या, त्या हेच दाखवण्यासाठी.